थंडीत कॅरॅव्हॅनचा गॅस विझतो? माझा अनुभव

भाडं वाचवायला वेल्समध्ये स्टॅटिक कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे एकाच जागी उभ्या असलेल्या चाकांवरच्या घरात, राहतो. कडाक्याच्या थंडीत पहाटे शेगडी पेटायची आणि चहाला उकळी येण्याआधीच ज्योत बसायची. सिलिंडर हलवला तर अर्धा भरलेला. बर्नर साफ केला, नळी बदलली. फार वैताग आला.

कारण निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन गॅस: शून्याखाली त्याची वाफच होत नाही. प्रोपेन या दुसऱ्या गॅसची उणे ४२ अंशांपर्यंत होते.

आधी व्हॉल्व्ह बंद. मग ब्युटेनची जोडनळी काढून प्रोपेनची लावली. भिंतीवरचा ३० मिलिबारचा रेग्युलेटर दोन्हींना चालतो. प्रोपेनचा लाल सिलिंडर बाहेरच, उभा. नट उलट्या आट्यांचा, म्हणून घड्याळाच्या उलट दिशेने पान्याने आवळला. व्हॉल्व्ह उघडून सांध्यावर साबणाचं पाणी लावलं; बुडबुडा आला तर लगेच बंद करा. रेग्युलेटरच बदलायचा असेल तर 'गॅस सेफ' (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत यादी) नोंदणी असलेला माणूसच बोलवा.