खून सोपा, जेवण अवघड: मर्डर मिस्टरी डिनर करताना या चुका टाळा

"पन्नास माणसं आहेत, जुन्या वाड्यातलं हॉटेल बुक केलंय, स्क्रिप्ट नेटवरून उतरवलीय, ड्रेस तर सगळ्यांचे झालेत. तू फक्त इन्स्पेक्टर हो." दरवर्षी सप्टेंबरात असा एक तरी फोन येतोच. ड्रेस झालेत म्हणे! पिसांच्या टोप्या आणि मोत्यांच्या माळा महिनाभर आधी येतात. खून कोणी, का आणि कसा केला हे मात्र शनिवारी दुपारी गाडीत वाचलं जातं.

पुण्यात एकांकिका केल्या, मग लग्न होऊन इंग्लंडात आले. इथे बारा वर्षं मी कंट्री हाउस हॉटेलांत, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या हॉटेलांत, मर्डर मिस्टरी डिनर लिहिते आणि करते: जेवता जेवता नट खोटा खून घडवतात आणि पाहुणे टेबलाटेबलाने खुनी शोधतात. प्रकार इथे मुरलेला आहे. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने हॉटेलांत पियानो वाजवताना पाहुण्यांचे खुनाचे खेळ पाहिले, त्यातून बोर्डवरचा खेळ रचला, १९४४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४९ मध्ये तो 'क्लूडो' म्हणून बाजारात आला; खून कोणी, कुठल्या खोलीत, कशाने केला हे त्यात ओळखायचं असतं. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला पाहुणा लहानपणापासून लायब्ररीत मेणबत्तीच्या स्टँडने खून करत आलेला आहे. त्याला बावळट समजू नका.

मी समजले होते. ती कहाणी आधी सांगते, कारण चूक माझीच होती.

डर्बीशरमधलं घर, साठ पाहुणे, काळ १९२६. म्हाताऱ्या घरमालकाला विष दिलेलं, खुनी पुतण्या. मुख्य पुरावा म्हणजे मृत्युपत्र: सगळी इस्टेट पुतण्याला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. पुतण्याचं अक्षर धमकीच्या चिठ्ठीतल्या अक्षराशी जुळतं हेही मला दाखवायचं होतं. वेगळा कागद करायचा कंटाळा आला. म्हटलं, साक्षीदार म्हणून त्याचीच सही घेऊ, एका कागदात दोन कामं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहाच्या पाण्यात कागद बुडवला, ओव्हनमध्ये वाळवला, कडा जाळल्या. जुना इतका दिसला की हॉटेलच्या मॅनेजरने हात लावताना रुमाल घेतला.

पाच नंबरच्या टेबलावर एक निवृत्त सॉलिसिटर बाई होत्या. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा नाकावर सरकवला आणि शेजारच्याला म्हणाल्या, "हा मुलगा खून कशाला करेल? सही केली तिथेच त्याचा वाटा गेला." इंग्लंडचा मृत्युपत्राचा कायदा १८३७ चा. दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मृत्युपत्र टिकतं, त्या माणसाचा वाटा तेवढा रद्द. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला ही वाटा रद्द होण्याची अट लागू नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात शंकासुद्धा आली नव्हती. आजोबांच्या मृत्युपत्रावर काकांची सही मी स्वतः पाहिलेली.

मेन कोर्स संपेपर्यंत ही बातमी आठ टेबलं फिरून आली. जवळजवळ सगळ्यांनी पुतण्याला निर्दोष ठरवून हाउसकीपरला धरलं. बरोबर उत्तर एकाच टेबलाचं आलं, बारजवळच्या, आणि त्यांनी कागद उघडलाच नव्हता. शेवटी आमच्या इन्स्पेक्टरने सारवासारव केली, "पुतण्याला कायदा ठाऊक नव्हता!" सभागृहातून एक लांबलचक 'ओऽऽह' आला. पाच नंबरवरून शांतपणे उत्तर आलं, "लेखिकेलाही."

तेव्हापासून एक कागद, एक काम. आणि छपाईला देण्याआधी प्रत्येक कागद मी नवऱ्याला वाचायला देते. त्याला रहस्यकथांचा मनापासून कंटाळा आहे, म्हणून तो उत्तम परीक्षक आहे. जिथे तो "थांब, पण मग त्याने..." म्हणतो तिथे मी लाल पेन घेते. नेटवरची स्क्रिप्ट आणून वर नुसती नावं बदलणाऱ्यांना ही पायरी फालतू वाटते. वाटू दे. पाच नंबरचं टेबल प्रत्येक हॉटेलात असतं.

त्याच जातीच्या किरकोळ चुका: खून होऊन वीस मिनिटं झालेली असतात आणि डॉक्टर सांगतो, प्रेत ताठ झालंय. ताठपणा यायला सुरुवातच साधारण दोन तासांनी होते, तीही आधी जबडा आणि मानेत. दुसरी, १९२६ चा इन्स्पेक्टर बोटांच्या ठशांचं नावच काढत नाही. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग १९०१ मध्ये सुरू झाला. तेव्हा ठसे घ्या, नाहीतर खुन्याच्या हातात मोजे द्या. डिनरला आलेल्या बाईच्या हातात मोजे असतातच, तिने ते जेवताना काढले नाहीत एवढंच एका नजरेला दिसलं तरी पुरतं.

आता किचन. माझ्या मते निम्म्या संध्याकाळी इथेच मरतात.

नवखे लोक खुनाची वेळ नाट्य बघून ठरवतात. ती प्लेटा बघून ठरवायची असते. साधारण बेत असा: ७ वाजता हातात ग्लास घेऊन सगळे हॉलमध्ये, पात्रं त्यांच्यात मिसळून भांडणं पेरतात; साडेसातला बसायचं; स्टार्टरच्या प्लेटा उचलल्या की किंकाळी; मेन कोर्सनंतर उलटतपासणी; डेझर्टच्या आधी उत्तरपत्रिका; कॉफीबरोबर उलगडा. किंकाळी प्लेटा उचलल्यावरच. गरम सूप घेऊन वेटर दारातून आत येतोय आणि त्याच्या पायाशी बाई कोसळते, हे मी पाहिलंय. सूप भोपळ्याचं होतं आणि कार्पेट फिकट निळं.

एकदा एका नव्या मुलाला किंकाळीनंतरच्या प्रवेशात टाळ्या मिळाल्या आणि तो सुटला. आठ मिनिटांचा प्रवेश वीस मिनिटांवर गेला. आत साठ प्लेटा लँबच्या लावून दिव्यांखाली ठेवलेल्या. बाहेर आलं तेव्हा गुलाबी मांस राखाडी झालं होतं आणि शेफ माझ्याशी पुढचे दोन कार्यक्रम बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. लोक घरी जाऊन खुनी विसरतात, वातड लँब विसरत नाहीत. आता आमच्यात तिसरी घंटा हेड वेटरच्या हातात असते. तो दारात उभा राहून खांद्यावर नॅपकिन टाकतो, की वाक्य कुठेही असो, प्रवेश तिथे आवरायचा. तालमीला त्यालाही बोलावते, आणि त्याला एक ओळ देते. एक ओळ दिली की माणूस जिवापाड सांभाळतो.

आपली मंडळी असतील तर आणखी दोन गोष्टी. तारीख घेण्याआधी कालनिर्णय बघा. एकदा जूनमधला शनिवार नेमका संकष्टीचा निघाला. इथे त्या दिवसांत चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास, आणि डेझर्ट साडेनऊला. अकरा जणी पाण्याचा ग्लास घेऊन खुनी शोधत बसल्या होत्या. दुसरी म्हणजे जागा बदलणं. वेटर प्लेट खुर्चीच्या नंबरावर ठेवतो, तोंड बघून नाही. "मी जरा मीनलजवळ बसते" म्हटलं की मशरूम रिसोटो भलत्याच माणसापुढे आणि शाकाहारी काकूंसमोर बदक.

सायनाइडचा वास म्हणून ग्लासात बदामाचा अर्क घालू नका. इथल्या कायद्यात १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ सांगावे लागतात, त्यात बदामही आहे. वास शब्दात सांगा.

घराचाही मान ठेवा. ही घरं बहुतेक लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेल्या जुन्या वास्तूंच्या यादीतली असतात; भिंतीला खिळा तर सोडाच, चिकटपट्टीसुद्धा विचारून. खोटं रक्त कपड्यावर घरूनच लावून आणा, कारण कार्पेटचं बिल तुमच्या मानधनापेक्षा मोठं येतं. टिकलीचं पिस्तूल आणि धुराचं मशीन आणूच नका, धुराने अलार्म वाजला की वरच्या मजल्यावरचे पाहुणे ड्रेसिंग गाऊनमध्ये लॉनवर उभे राहतात. रिसेप्शनला आणि रात्रपाळीच्या पोर्टरला किंकाळीची वेळ लिहून द्या, नाहीतर दुसऱ्या बाजूच्या लग्नातून कोणीतरी रुग्णवाहिका बोलावतं.

आणि नवीन इतिहास शिजवण्याआधी त्या घराचा खरा विचारा. बकिंगहॅमशरच्या हार्टवेल हाउसमध्ये १८०९ ते १८१४ फ्रान्सचा परागंदा राजा अठरावा लुई राहत होता. त्याच्या दरबाऱ्यांनी छतावर भाज्या लावल्या आणि कोंबड्या पाळल्या असं सांगतात. आज तिथे हॉटेल आहे. छतावर कोंबड्या पाळणारा दरबारी ज्या घरात आयता मिळतो, तिथे 'शापित हिरा' आणणाऱ्याला मी काय म्हणू?

टेबलाला सहा, फार तर आठ माणसं. दहा झाली की दोघं विचार करतात, बाकीचे वाइन मागवतात. लाजाळू माणसाला जबरदस्तीने पात्र देऊ नका.

उत्तरपत्रिकेत खुनी आणि कारण यांखेरीज आकड्याचा एक प्रश्न ठेवा, उदाहरणार्थ लायब्ररीतलं घड्याळ किती वाजता बंद पडलं. बरोबरी झाली की तोच निकाल लावतो, नाहीतर अर्धा तास वाद.

उलगड्याची दुसरी प्रत मी बंद पाकिटात रिसेप्शनवर ठेवते. मागच्या नोव्हेंबरात आमचा इन्स्पेक्टर मोटरवेवर अडकला, मी स्वतः प्रेत होते, त्यामुळे उठता येईना. पाकीट हेड वेटरने फोडलं आणि खांद्यावर नॅपकिन तसाच ठेवून खुन्याचं नाव वाचलं. त्या रात्री सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. आता त्याला दोन ओळी हव्या आहेत.