उंची आणि अंतर: कळसूबाईच्या वाटेवर नीट कसे मोजावे

कळसूबाई १६४६ मीटर. तरी माथ्यावर जितके मोबाइल, तितके आकडे. आणि ‘आज ढग आहेत ना’ हे ठरलेले उत्तर. ढगांचा इथे काडीचा संबंध नाही.

आधी ॲपची सेटिंग बघा. कच्ची जीपीएस उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्याकडे हा लंबगोल समुद्रसपाटीच्या साठेक मीटर वर आहे. अलिबागच्या वाळूत उभे राहून उणे साठ दिसले, तर ॲप कच्चा आकडा दाखवतेय. ‘समुद्रसपाटीपासून’ हा पर्याय निवडा.

खरी डोकेदुखी म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे घड्याळ: दाब घटला की त्याला वाटते, तुम्ही वर चढलात. यानेच मला सर्वांत जास्त छळले. ‘निघताना एकदा सेट करा, दिवसभर बघायला नको’ हा सल्ला थंड देशांतला; आपल्याकडे तो चालत नाही. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरल्या वेळी वरखाली होतो: सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक तीनेक हेक्टोपास्कल (दाबाचे एकक), म्हणजे उंचीत जवळपास तीस मीटर. दहाला सेट केलेले घड्याळ दगडावर ठेवून झोपलात, तरी चारपर्यंत ते तुम्हाला तीस मीटर वर चढवून ठेवते.

त्यात उकाडा. घड्याळाने धरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा हवा दहा अंश गरम असेल, तर हजार मीटरच्या चढाईत पस्तीसेक मीटर कमी दिसतात. म्हणून जिथे खात्रीची उंची मिळेल, तिथे घड्याळ पुन्हा लावायचेच. रेल्वेने आलात तर इगतपुरी स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर ती लिहिलेलीच असते. मग पायथ्याच्या बारी गावात, नकाशावरच्या आकड्यावरून. मग माथ्यावर, १६४६. मात्र माथ्यावर आधी घड्याळाचा आकडा वहीत टिपा आणि मगच बदला. नाहीतर चूक किती होती ते कळणारच नाही. ती चूक मधल्या टप्प्यांवर चढाईच्या प्रमाणात वाटून टाका.

अंतर सोपे. जेवायला बसलात की रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर जीपीएस बसल्या जागी तुम्हाला फिरवत राहते. कड्याखाली त्याची रेघ वेडीवाकडी गेली, तर तेवढा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोऱ्याने मोजा: दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पण हे अंतर आडवे असते. तीस अंशांच्या चढावर त्यात पंधरा टक्के मिळवा. दहा अंशांपर्यंत दुर्लक्ष केले तरी चालते.