शब्द अडला की परीक्षा घेऊ नका

नाव पटकन न आठवणं म्हातारपणात चालायचंच, थोड्या वेळानं ते आठवतं. पण विळ्याला रोजच "ते कापाचं" म्हणू लागले, तोच प्रश्न घटकेघटकेला आला, तर डॉक्टरला दाखवा. कानही तपासा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड यांनीही असं होतं, त्यावर इलाज आहे. बोलणं अचानक अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं तर मात्र १०८ लावा, तो लकवा असू शकतो.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर, म्हणजे आठवण हळूहळू पुसत नेणारा आजार आहे, गाव यवतमाळकडचं. त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करते, समोर बसते, एका वेळी एकच गोष्ट विचारते. "काय खाता?" नाही; दोन्ही दाखवून "भाकर खाता का भात?" उत्तराला वेळ द्यायचा. "मी कोण, ओळखा पाहू" हा पाहुण्यांचा आवडता खेळ. तो दारातच बंद करा.

"माहा बाप कोठी गेला?" असं त्या विचारतात. ते वारले हे दरवेळी सांगितलं तर दरवेळी नव्यानं रडणं. मी म्हणते, "बाबा वावरात काय पेरत?" मग पऱ्हाटी (कपाशी), तूर, बैलांची नावंसुद्धा निघतात. जुनं उशिरा जातं. म्हणूनच पुण्याच्या नातवाची शुद्ध भाषा त्यांना जड जाते, वऱ्हाडी लगेच पोचते. जात्यावरची ओवी मी सुरू केली की पुढची त्या म्हणतात.

संध्याकाळी गोंधळ वाढतो. बँकेचं, दवाखान्याचं बोलणं सकाळीच उरका.