श्वासमार्गातील दुर्मीळ सौम्य गाठी: निदान आणि उपचार कसे करावेत

श्वासनलिका आणि तिच्या शाखांमध्ये वाढणाऱ्या, कर्करोगाच्या नसलेल्या गाठी क्वचितच आढळतात आणि म्हणूनच त्या ओळखायला उशीर होतो. अशी गाठ शरीरात इतरत्र पसरत नाही. तथापि हवेच्या वाटेवरच ती बसलेली असेल, तर पेशी कितीही निरुपद्रवी असल्या तरी रुग्णाचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे तपासणी करताना गाठ कोणत्या पेशींची आहे आणि ती भिंतीत किती खोल शिरली आहे, हे दोन्ही प्रश्न सतत बरोबर ठेवावे लागतात. उपचाराची दिशा पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरते.

पहिली पायरी संशय घेण्याची आहे आणि बहुतेक वेळा नेमके तेच राहून जाते. प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि दीड ते दोन सेंटीमीटर रुंद असते. तिचा मार्ग सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत अरुंद होईतो श्रम करतानाही धाप लागेलच असे नाही, आणि बसल्या जागी धाप लागू लागते तेव्हा तो जेमतेम ५ मिलिमीटर उरलेला असतो. या दीर्घ काळात रुग्णाला दमा असल्याचे सांगितले जाते. दम्याची लक्षणे कमीजास्त होतात, पंपाने उतार पडतो आणि शिट्टीसारखा आवाज दोन्ही फुप्फुसांत ऐकू येतो. याउलट आवाज एकाच बाजूला येत असेल किंवा मानेपाशी सर्वांत मोठा असेल, श्वास आत घेतानाही येत असेल, कूस बदलल्यावर त्यात फरक पडत असेल, पंपाचा उपयोग होत नसेल, तर दम्याचे निदान पुन्हा तपासावे. फुप्फुसाच्या एकाच भागात वारंवार होणारा न्यूमोनिया आणि थुंकीतून पडणारे रक्त यांनाही हाच नियम लागू आहे.

स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वासाचा वेग आणि प्रमाण मोजण्याची तपासणी, करताना केवळ आकडे वाचू नयेत, आलेखाचा आकार पाहावा. अडथळा श्वासनलिकेत पक्का बसलेला असेल तर आलेखाच्या दोन्ही बाजू सपाट होतात. छातीबाहेरच्या, म्हणजे मानेतील हलत्या अडथळ्यात श्वास घेण्याची बाजू, तर छातीतील हलत्या अडथळ्यात श्वास सोडण्याची बाजू सपाट होते. गाठ एखाद्याच शाखेत असल्यास ही खूण मिळणार नाही. छातीचा साधा एक्स-रे निर्दोष दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण श्वासनलिकेतील गाठ त्यात सहज लपते. सीटी स्कॅन पातळ छेदांचा आणि शक्यतो शिरेतून औषध (चित्र ठळक करणारे कॉन्ट्रास्ट) देऊन करावा. गाठीत चरबी दिसल्यास लायपोमा (चरबीची गाठ) किंवा हॅमार्टोमा (कूर्चा, चरबी अशा तिथल्याच ऊतींची अव्यवस्थित वाढ) असण्याची शक्यता बळावते. औषधाने ती ठळक उजळली तर ती रक्तवाहिन्यांनी भरलेली आहे असे समजून पुढची तयारी करावी. स्कॅनचा सर्वांत मोठा उपयोग मात्र गाठीचा भिंतीबाहेरचा विस्तार कळण्यात आहे, कारण काही गाठी हिमनगासारख्या असतात: दुर्बिणीतून (श्वासमार्गात घालायच्या ब्रॉन्कोस्कोपमधून) दिसतो तो लहान भाग, उरलेला श्वासनलिकेच्या भिंतीतील कूर्चांच्या (मऊ हाडांच्या) मधून बाहेर पसरलेला असतो.

प्रौढांच्या श्वासनलिकेतील बहुतांश गाठी कर्करोगाच्या निघतात, त्यामुळे गुळगुळीत दिसणाऱ्या गाठीला केवळ रूपावरून सौम्य ठरवणे धोक्याचे आहे. कार्सिनॉइड नावाची गाठ वरून अत्यंत निरुपद्रवी दिसते, पण ती कर्करोगातच मोडते. नेमके निदान बायप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यानेच, होते आणि तिच्यातही चुकण्याच्या जागा आहेत. हॅमार्टोमावर निरोगी अस्तर असते, म्हणून वरवरचा तुकडा घेतल्यास अहवालात काहीच आढळत नाही. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (मज्जातंतूंच्या आवरणातील पेशींची गाठ) याच्यावरचे अस्तर इतके वाढते की उथळ तुकड्यात ते कर्करोगासारखे भासू शकते, आणि ग्लोमस ट्यूमर (सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशींची गाठ) कार्सिनॉइड म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून तुकडा पुरेसा खोल घ्यावा, पेशी रंगवून ओळखण्याच्या विशेष तपासण्या कराव्यात, आणि अहवाल स्कॅनशी जुळत नसेल तर मोठी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवाव्यात.

श्वासनलिका फार अरुंद झालेली असेल, तर लवचीक दुर्बीणच उरलेली वाट बंद करू शकते आणि गुंगीच्या औषधाने रुग्णाचा श्वास थांबू शकतो. अशा रुग्णाची तपासणी शस्त्रक्रियागृहात, ताठ दुर्बीण हाताशी ठेवून आणि अनुभवी भूलतज्ज्ञांसह करावी; श्वासमार्ग सुरक्षित होईपर्यंत रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवणे श्रेयस्कर. लालभडक किंवा ठोके देणाऱ्या गाठीला रक्तस्राव रोखण्याची सोय नसताना चिमटा लावू नये.

देठावर वाढलेली गाठ दुर्बिणीतून विद्युत-फासाने कापता येते आणि तिचे मूळ लेसरने किंवा अतिशीत उपचाराने नष्ट करता येते. उष्णता वापरताना श्वासातील प्राणवायूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली ठेवणे अनिवार्य आहे, अन्यथा श्वासमार्गात आग लागू शकते. रुंद बुडाच्या किंवा भिंतीबाहेर गेलेल्या गाठीसाठी तो भाग कापून टोके जोडण्याची शस्त्रक्रिया लागते. प्रौढांमध्ये श्वासनलिकेचा जवळपास निम्मा भाग असा काढता येतो. गाठ शाखेत असल्यास पलीकडचे फुप्फुस वाचवण्याचा आग्रह धरावा आणि ते कायमचे निकामी झाले असेल तरच काढावे. वाट उघडी ठेवणारी धातूची जाळी (स्टेंट) बसवण्याची घाई टाळावी: तिच्याभोवती मांस वाढते, ती नंतर काढणे कठीण जाते, आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच सौम्य आजारांतील तिच्या वापराविषयी सावध केले होते.

दोन गाठींचा मार्ग वेगळा आहे. पॅपिलोमा ही चामखिळीसारखी गाठ एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या प्रामुख्याने ६ आणि ११ या प्रकारांमुळे होते, अनेक ठिकाणी उगवते आणि काढल्यावर परत येते. स्वरयंत्रातील पॅपिलोमा एका बैठकीत मुळापासून खरवडण्याच्या हट्टाने स्वरतंतूंवर कायमचे व्रण राहतात, म्हणून निरोगी ऊती राखून गरजेप्रमाणे पुन्हा काढणे बरे. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडणे शक्य तोवर टाळावे, कारण त्याने आजार खाली पसरू शकतो. वारंवार उलटणाऱ्या आजारात बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध उपयोगी पडते. क्वचित पॅपिलोमाचे कर्करोगात रूपांतर होते, त्यामुळे काढलेली ऊती तपासणीला पाठवत राहावे.

तान्ह्या बाळांच्या स्वरयंत्राखाली होणारा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) सुरुवातीला क्रूप (विषाणूंमुळे स्वरयंत्राला येणारी सूज) समजला जातो. स्टेरॉइडने उतार पडतो आणि लक्षणे परत येतात. हनुवटी, जबडा किंवा गळ्यावर लाल चट्टा असलेल्या बाळात श्वासाचा आवाज येत असेल, तर दुर्बिणीने तपासणी करावीच. प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचा या गाठींवरील परिणाम २००८ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेची गरज पुष्कळ कमी झाली. हे औषध बाळाला पाजल्यावरच द्यावे, कारण उपाशीपोटी रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे आणि आवाज थांबला म्हणून ते परस्पर बंद करू नये.

गाठ काढल्यानंतर काही आठवड्यांत स्पायरोमेट्री पुन्हा करून तो आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढे शंका आल्यास तुलना करता येते. दुर्बिणीतून काढलेल्या गाठीचे मूळ उरले नाही ना, हे ठरावीक अंतराने पाहावे, आणि दम्यासाठी चालू असलेली औषधे खरोखर लागतात का, याचा निर्णय डॉक्टरांनी याच टप्प्यावर घ्यावा.