उत्स्फूर्त भाषणाची तयारी करून घेताय? या चुका टाळा

चिठ्ठी उचलायची, पाच मिनिटं विचार, तीन मिनिटं भाषण. खेळ एवढाच. तरी दरवर्षी मुलांपेक्षा आम्ही शिकवणारेच त्यात जास्त घोळ घालतो.

सगळ्यात मोठा घोळ माझाच. जून 2025 मध्ये चालू घडामोडींची जाडजूड फाइल करून मी मुलांच्या हाती दिली. पहिलीपासून हिंदीचा वाद तेव्हा तापलेला. 16 एप्रिलचा शासन निर्णय फाइलमध्ये होता, 17 जूनचा सुधारितही होता. जुलैत स्पर्धा झाली आणि आमच्या नववीतल्या मुलीला नेमकी तीच चिठ्ठी आली. ती खुशीत उठली, आवाज चढवून म्हणाली, "सरकारने हा निर्णय आजच मागे घ्यावा!" सरकारने तो 29 जूनलाच मागे घेतला होता. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, मागे कुणीतरी फिसकन हसलं. पोरगी तीन मिनिटं नेटाने बोलली. खाली आल्यावर एवढंच म्हणाली, "सर, फाइलमध्ये नव्हतं."

तेव्हापासून फाइल बंद. आता वही. डाव्या पानावर बातमी आणि तारीख, उजवं पान कोरं. दर शनिवारी जुनं पान उघडायचं आणि विचारायचं, "पुढे काय झालं?" उजवं पान त्यासाठीच. स्पर्धेच्या सकाळी पेपर वाचल्याशिवाय मी कुणाला रिक्षात बसू देत नाही. स्पर्धा परीक्षावाल्यांच्या 'महिन्याभराच्या घडामोडी' पर्याय निवडायला ठीक, बोलायला नाहीत.

दुसरी चूक म्हणजे कुठल्याही विषयाला चालणारी सुरुवात. एक चारोळी, एक सुविचार, मग 'आदरणीय व्यासपीठ'. यात पहिलं अर्धं मिनिट वाया जातं आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. सुरुवात बातमीतच शोधावी. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले. त्यातले 11 महाराष्ट्रात, एक जिंजी, तमिळनाडूत. वर्गात हे वाचल्यावर एकाने विचारलं, "आपला किल्ला तिकडे कसा?" म्हटलं, थांब, हेच तुझं पहिलं वाक्य. मग 1677 ची दक्षिणेची मोहीम, राजाराम महाराजांचा जिंजीतला मुक्काम, सगळं त्या प्रश्नामागून आलं.

बाकीच्या चुका किरकोळ. तीन मिनिटांत दहा आकडे कोंबू नका, दोन पुरे. मत पालकांचं नको. मुलाला उलट प्रश्न विचारला की ते लगेच उघडं पडतं. पहिल्या महिन्यात घड्याळ लावू नका. बोलताना मध्येच टोकू नका, चूक कागदावर लिहून ठेवा.

आणि "पुढच्या रविवारी स्पर्धा आहे, तेवढं तयार करून द्या" म्हणत येणाऱ्यांना मी पाठांतराच्या वर्गाचा पत्ता देतो.