सॅटेलाइट इमेज शोधताना आधी लायसन्स बघा, क्लॅरिटी नंतर

नकाशा काढायला सॅटेलाइट फोटो लागला की बहुतेक जण सरळ गूगल मॅप्स उघडतात. बघायला काहीच हरकत नाही, पण त्यावरून रस्ते आणि घरं ट्रेस करून स्वतःचा डेटा बनवणं त्यांच्या अटींत बसत नाही आणि ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला, सगळ्यांना खुला नकाशा) असं काही टाकलं तर ते काढून टाकावं लागतं, म्हणजे कुणाची तरी तासन्‌तास केलेली मेहनत पाण्यात, खूप वाईट वाटतं हो असं बघून.

लायसन्स वाचताना मुख्य प्रश्न एकच धरा, ट्रेस करून बनवलेला डेटा मला माझ्या लायसन्सखाली वाटता येईल का? क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार लायसन्सच्या नावात 'एनसी' (नॉन-कमर्शियल) दिसलं तर कमर्शियल वापर बंद, आणि ओपनस्ट्रीटमॅपचं लायसन्स कमर्शियल वापराला मोकळीक देतं, त्यामुळे तिथे ते जुळत नाही. वर्षसुद्धा नीट बघा. ईओएक्स कंपनीचा 'सेंटिनेल-2 क्लाउडलेस' हा सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो जोडून केलेला बिनढगांचा मोझॅक घ्या, त्याची 2016 ची आवृत्ती सीसी-बाय (फक्त क्रेडिट दिलं की वापर मोकळा) आहे पण पुढच्या आवृत्त्यांना एनसी लागलंय, नाव तेच नि अटी वेगळ्या!

आता फोटो कुठे मिळतील ते. सेंटिनेल-2 चा फोटो कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या साइटवर फुकट मिळतो, फक्त क्रेडिट द्यायचं. पण एक पिक्सेल 10 मीटरचा, म्हणजे छोटं घर एका ठिपक्यात संपतं, त्यामुळे घरं काढायच्या भानगडीत पडू नका. तलावाचा काठ, नदीचं पात्र, जंगलाची हद्द मात्र छान निघते. जुनं काही बघायचं असेल तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांना तोड नाही, 1972 पासूनचा साठा आहे आणि 2008 पासून तो सगळ्यांना फुकट खुला आहे, यूएसजीएसच्या (अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) अर्थएक्सप्लोरर साइटवर अकाउंट काढा आणि ढगांचं प्रमाण कमी ठेवून सर्च करा.

घरं, पायवाटा हव्या असतील तर ओपनएरियलमॅप बघा, तिथे लोकांनी टाकलेले ड्रोनचे आणि विमानातून काढलेले फोटो असतात. अमेरिकेपुरतं एनएआयपी (तिथल्या सरकारचे विमानातून काढलेले फोटो) आहे, ते पब्लिक डोमेन, म्हणजे कुणालाही मोकळे. मायक्रोसॉफ्टच्या बिंग मॅप्सने 2010 मध्ये ओपनस्ट्रीटमॅपसाठी ट्रेसिंगची परवानगी दिली, पण ती तेवढ्यापुरतीच, दुसऱ्या प्रोजेक्टला ती लागू होते असं धरून चालू नका.

एखाद्या सरकारी खात्याकडे किंवा कंपनीकडे चांगले फोटो असतील तर बिनधास्त मेल टाका, फक्त 'वापरू का?' एवढंच मोघम विचारू नका. काय ट्रेस करणार, कुठल्या लायसन्सखाली देणार, क्रेडिट कसं लिहिणार हे स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखीच घ्या, फोनवरचं 'हो हो, घ्या' पुढे कुणाला दाखवणार?

परवानगी मिळाली तरी लगेच ट्रेस करत सुटू नका. डोंगराळ भागात इमेज बरीच सरकलेली असू शकते, म्हणून आधी त्या भागातले जीपीएस ट्रॅक वर टाकून बघा. एकाच रस्त्यावरचे बरेच ट्रॅक एकाच बाजूला पडत असतील तर नकाशा काढायच्या एडिटरमध्ये इमेजचा ऑफसेट (ती किती सरकली आहे ते) जुळवा आणि मगच पहिली रेघ काढा.