महागडी इलेक्ट्रिक गाडी घेताय? देशोदेशीच्या किमतींचा हिशेब करताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत आमच्या मामांच्या डायनिंग टेबलवर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. एक पुण्यातल्या शोरूमचं कोटेशन आणि दुसरं न्यू जर्सीहून मामेभावाने पाठवलेल्या तिकडच्या किमतीचं प्रिंट. मामांचं भोसरीला वर्कशॉप आहे, चाळीस वर्षं राबून झाल्यावर आता एक चांगली इलेक्ट्रिक गाडी घ्यायची इच्छा, बजेट साठ-पासष्ट लाख. आणि फोनवर मामेभाऊ तळमळून सांगतोय, "बाबा, नका घेऊ, हीच गाडी इथे ४५ हजार डॉलरला मिळते, तुम्हाला लुटतायत." मामांनी कोटेशनची घडी घातली, चष्म्याच्या केसखाली सरकवली आणि मला विचारलं, "खरंच लुटतायत का रे?"

मी पुढचे दोन आठवडे हाच हिशेब करत होतो आणि तेव्हा लक्षात आलं की आम्ही तिघंही तिथे बसून चुकीचाच हिशेब करत होतो, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

डॉलरला रुपयाने गुणून किंमत काढणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळपास सगळेच करतात. जुलै २०२५ मध्ये टेस्लाची मॉडेल वाय मुंबईत बीकेसीत आली तेव्हा सुरुवातीची किंमत होती ५९.८९ लाख. त्याच वेळी अमेरिकेत ती ४४,९९० डॉलरपासून, म्हणजे आपले साडेअडतीस लाखांच्या आसपास, चीनमध्ये २,६३,५०० युआन म्हणजे साधारण साडेएकतीस लाख, जर्मनीत ४५,९७० युरो म्हणजे ४६ लाखांच्या आसपास. हे चार आकडे एका ओळीत बघितले की डोकं फिरतं हे खरंय. पण हे आकडे एका मापाचे नाहीतच ना. अमेरिकेतल्या किमतीत राज्याचा सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो वरून लागतो. जर्मनीच्या किमतीत १९ टक्के व्हॅट आधीच आत असतो. आणि आपल्याकडच्या एक्स-शोरूममध्ये आयात शुल्क आणि ५ टक्के जीएसटी धरलेला असतो पण इन्शुरन्स वगैरे बाहेर. शिवाय आपल्याकडे येणारी ही मॉडेल वाय शांघायच्या कारखान्यातून बोटीने येते, आणि पूर्ण तयार गाडी बाहेरून आणली की आपल्या देशात ७० ते ११० टक्के आयात शुल्क लागतं. म्हणजे मामा जे पैसे देणार होते त्यातला मोठा भाग गाडीचा नव्हताच, सरकारी तिजोरीचा होता. लुटतायत म्हणायचं तर शोरूमवाला लुटत नव्हता.

म्हणून गाडी बघताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही सीबीयू आहे का सीकेडी? सीबीयू म्हणजे तयार गाडी बाहेरून येते, सीकेडी म्हणजे सुटे भाग आणून इथे जोडतात आणि त्यावर शुल्क खूप कमी लागतं. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे किया ईव्ही६ आणि ह्युंदाई आयोनिक ५. दोन्ही एकाच ग्रुपच्या, एकाच प्लॅटफॉर्मवर बनलेल्या गाड्या. ईव्ही६ तयार होऊन आली, २०२२ मध्ये ५९.९५ लाखांपासून. आयोनिक ५ चेन्नईजवळ जोडली, जानेवारी २०२३ मध्ये ४४.९५ लाख. बॅटरीत थोडा फरक आहे, ७७.४ आणि ७२.६ किलोवॅट-अवरचा, पण तेवढ्या फरकाचे पंधरा लाख होत नाहीत. बीएमडब्ल्यू आयएक्स१ चंही तेच, बाहेरून आलेली ६६.९० लाखाला होती आणि चेन्नईत जोडलेली लांब व्हीलबेसची जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखाला आली. तिला एकच मोटर आहे, ताकद कमी आहे हे धरायला हवं, पण मागे बसणाऱ्याला जागा उलट जास्तच मिळते. आणि आपल्या चाकणचं उदाहरण घ्या, मर्सिडीजने ऑगस्ट २०२२ मध्ये आयात केलेली एएमजी ईक्यूएस ५३ २.४५ कोटीला आणली आणि पुढच्याच महिन्यात चाकणला जोडलेली ईक्यूएस ५८० १.५५ कोटीला. एएमजी जास्त ताकदीची आहे मान्य, पण नव्वद लाखांचा फरक नुसत्या ताकदीचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे, आपल्या देशात तयार आयात केलेली प्रीमियम इलेक्ट्रिक गाडी त्या किमतीची वाटत नाही आणि इथे जोडलेली बऱ्याचदा वाटते. हे वाक्य नॉर्वेत किंवा जर्मनीत खरं ठरणार नाही, का ते पुढे येतंय.

शेजारच्या पेट्रोल गाडीवर किती टॅक्स आहे हेच न बघणं

इलेक्ट्रिक गाडी महाग का स्वस्त हे तिच्या स्वतःच्या किमतीवरून कळतच नाही. नॉर्वेत पेट्रोल गाडीवर २५ टक्के व्हॅट आणि वर धुराच्या आणि वजनाच्या हिशोबाने वेगळा कर, आणि इलेक्ट्रिकला २०२२ पर्यंत व्हॅट पूर्ण माफ. मग तिथे पोर्श टायकान घेणं शहाणपणाचं झालं कारण त्याच तोडीची पेट्रोल गाडी त्याहून महाग पडायची. २०२३ पासून त्यांनी पाच लाख क्रोनच्या वरच्या रकमेवर व्हॅट लावला, २०२६ पासून ती मर्यादा तीन लाख क्रोनवर आणली, म्हणजे महागड्या गाड्यांची सवलत हळूहळू काढून घेतायत. तरी २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या.

आपल्याकडे हाच हिशेब लहान प्रमाणात आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे साठ लाखांच्या गाडीला ७.८० लाख, आणि इलेक्ट्रिकला तो माफ आहे. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मुख्यमंत्री फडणवीसांनी विधान परिषदेत मागे घेतला. वर ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, एक्स्प्रेसवे, समृद्धी यांवर टोल माफी. पण दुसरी बाजूही बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट ४५-५० टक्क्यांवरून ४० वर आला, इलेक्ट्रिकचा ५ चा ५ राहिला, त्यामुळे दोघांतलं अंतर कमी झालं. त्याआधीचे तुलनेचे व्हिडिओ बघून हिशेब मांडत असाल तर तो शिळा आहे.

आणि पुण्याचा हिशेब बेंगळुरूला लावू नका. कर्नाटकात २०२४ पासून पंचवीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीला १० टक्के टॅक्स आहे. नोकरीनिमित्त तिकडे जाणारी आपली किती मुलं आहेत, गाडी तिकडे नेऊन पासिंग बदलायची वेळ आली की हा खर्च समोर येतो.

संपलेल्या सवलती धरून चालणं

अजूनही लोक सांगतात की लोनच्या व्याजावर दीड लाखाची सूट मिळते, आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली. ती फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनला होती. नव्या लोनला नाही, विषय संपला. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी ७,५०० डॉलरचं टॅक्स क्रेडिट सांगितलं तर ते ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालंय. जर्मनीचं अनुदान तर डिसेंबर २०२३ मध्ये एका वीकेंडला जाहीर करून बंद केलं, ऑर्डर देऊन बसलेली माणसं अधांतरी राहिली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ मध्ये ४० हजार पौंडांवरच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला ४२५ पौंड जास्तीचा कर लावला होता, पाच वर्षं भरायचा.

तिकडचे लोक मग एवढ्या महाग गाड्या घेतात कशा, असं मामांनी विचारलं होतं. उत्तर असंय की बरेच जण स्वतःच्या खिशातून घेतच नाहीत. जर्मनीत कंपनीच्या गाडीवर कर्मचाऱ्याला दर महिन्याला गाडीच्या लिस्ट किमतीच्या १ टक्का उत्पन्न धरून कर लागतो, इलेक्ट्रिकला फक्त पाव टक्का, आणि जुलै २०२५ पासून ही सवलत एक लाख युरोपर्यंतच्या गाडीला आहे. इंग्लंडमध्ये पगारातून कापून भाड्याने गाडी मिळते, तिथेही इलेक्ट्रिकवर नाममात्र कर. तिकडे प्रोजेक्टवर गेलेला आपला मुलगा ऑडी चालवतोय म्हणून ती स्वस्त आहे असं नाही, कराची रचना तशी आहे म्हणून परवडतेय. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे, धंद्याच्या नावावर गाडी घेतली तर इलेक्ट्रिकला वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे गाडीच्या किमतीतली तेवढी घट खर्च म्हणून दाखवता येते, साध्या कारला १५ टक्के. पगारदार माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

वापरता येणार नाही त्या गोष्टीचे पैसे देणं

मे महिन्यात एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला एकांची गाडी चार्जिंगला लागली होती, ८०० व्होल्टची, अठरा मिनिटांत १० ते ८० टक्के असं तिचं नाव. चार्जर होता साठ किलोवॅटचा. स्क्रीनवर ४६-४७ किलोवॅटच्या वर आकडा जाईना, शेजारच्या गनला अजून एक गाडी लागली तसा तो आणखी खाली आला. काकांनी वडापाव खाल्ला, चहा घेतला, परत येऊन बघितलं तर ५८ टक्के. ते मला म्हणाले, "अठरा मिनिटं म्हणून सांगितलं होतं हो." खोटं कुणी सांगितलं नव्हतं, ती अठरा मिनिटं ३५० किलोवॅटच्या चार्जरवरची, त्याच गाडीला पन्नासच्या चार्जरवर ७३ मिनिटं लागतात असं कंपनीच लिहिते. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चार्जर कितीचे आहेत ते ॲपवर आधी बघा, पुणे-कोल्हापूर, नाशिक, कोकण जिथे जाता तिथले, आणि मग ठरवा त्या वेगाचे पैसे द्यायचे का. तसंच टेस्लाच्या फुल सेल्फ ड्रायव्हिंगचं, म्हणजे गाडीने बरंचसं स्वतःच चालण्याच्या सोयीचं, इथे लाँचला त्याचे सहा लाख जास्तीचे लावले होते आणि आपल्या रस्त्यावर ते चालतच नव्हतं. सहा लाखांत घरच्या चार्जरचं अख्खं वायरिंग होऊन वर कितीतरी उरतात.

रेंजचा आकडा

ईक्यूएस ५८० ची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, आपल्याकडच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टमध्ये ८५७ किलोमीटर, आणि अमेरिकेच्या ईपीए टेस्टमध्ये त्याच गाडीला ३४० मैल म्हणजे ५४७ किलोमीटर. गाडी तीच, टेस्ट वेगळी. दोन गाड्यांची तुलना करताना एकाच टेस्टचे आकडे घ्या, शक्यतो ईपीए.

पेट्रोल वाचतंय एवढंच मोजणं

वर्षाला बारा हजार किलोमीटर धरा. मोठी पेट्रोल एसयूव्ही शहरात लिटरला दहा देते म्हणजे किलोमीटरला दहा-साडेदहा रुपये. घरी चार्ज केलं तर दीड-दोन रुपये. वर्षाला लाखभर वाचले, चांगलंय. पण साठ लाखांची गाडी तीन वर्षांनी चाळीसला गेली तर वीस लाख गेले, त्यापुढे ते तीन लाख कुठे दिसणार? महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांची रिसेल जगभर पडलीये, इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या टायकान निम्म्याच्या आसपास मिळतात, आणि २०२३ च्या सुरुवातीला टेस्लाने नव्या गाड्यांचेच दर खाली आणले तेव्हा आधी घेतलेल्यांच्या गाड्यांची किंमत रातोरात पडली. याचा उलटा फायदा घ्या ना. दोन-तीन वर्षं जुनी, कमी चाललेली गाडी बघा, बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्यांची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते, ती दुसऱ्या मालकाला लागू होते का ते लेखी घ्या आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढल्याशिवाय टोकन देऊ नका. मला विचाराल तर सेकंडहँड प्रीमियम इलेक्ट्रिक हा आत्ताचा सगळ्यात चांगला सौदा आहे.

आधी गाडी, मग पार्किंगचा विचार

मी वाकडला फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीकडून चार्जरची परवानगी मिळायला मला पाच महिने लागले, तोवर सगळं चार्जिंग बाहेर, युनिटला वीसच्या वर, त्यात १८ टक्के जीएसटी. परवानगी, मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या केबलची लांबी आणि सँक्शन लोड (घराला मंजूर असलेला वीजभार) या तीन गोष्टी बुकिंगच्या आधी बघा. ७.४ किलोवॅटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात आणि बऱ्याच फ्लॅटचा लोड तीन ते पाच किलोवॅटच असतो. महावितरणकडे इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळ्या मीटरची चौकशी करा, नाहीतर घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं.

गाडी घेऊन झालीये आणि अडचण येतेय, तर

घरचा चार्जर सुरू होऊन लगेच बंद पडतोय, लाल दिवा लागतोय, तर गाडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं आणि चार्जर ते ओळखून बंद होतो. चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, फार दिसलं तर वेगळा अर्थिंग पिट करा.

गाडी उघडतच नाहीये, स्क्रीन काळी, तर मोठी बॅटरी संपलीये असं समजू नका, बहुतेक वेळा छोटी १२ व्होल्टची बॅटरी बसलेली असते. चावीतल्या मेकॅनिकल किल्लीने दार कसं उघडायचं ते आजच शिकून ठेवा. अशी तक्रार परत परत आली तर कंपनीने तुमचं मॉडेल दुरुस्तीसाठी परत बोलावलंय का, म्हणजे रिकॉल आहे का, ते व्हीआयएन (चासी) नंबर देऊन विचारा.

फास्ट चार्जरवर वेग मिळत नाहीये तर ८० टक्क्यांच्या वर भरत बसू नका, तिथून वेग मुद्दाम कमी होतो. शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर पॉवर वाटली जाते.

आणि कोटेशनमध्ये एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच डीलर तुमच्याकडून घेऊन सरकारला भरतो तो कर, दिसला म्हणून घाबरू नका, साठ लाखांवर साठ हजार होतात, पण ते रिटर्न भरताना तुमच्या करात वळते होतात. आमच्या मामांनी तो आकडा पेन्सिलने गोल करून ठेवला होता, वाटलं होतं डीलरने घुसडलाय.

मामांनी आयात केलेली गाडी सोडली. इथे जोडलेली, सोळा लाखांनी कमी, वर्कशॉपच्या नावावर घेतली, सीएला विचारून. बुकिंगचा चेक देण्याच्या आदल्या रविवारी त्यांनी बंगल्याच्या मागे, पेरूच्या झाडाजवळ अर्थिंगसाठी खड्डा काढून घेतला, आत कोळसा-मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली, आणि इलेक्ट्रिशियनच्या मीटरवर रीडिंग नीट आलं ते स्वतः वाकून बघितलं. मग न्यू जर्सीला फोन लावला.